प्रिंटेड जॅकेटची नक्षी समोर सरकते? शिलाई उसवण्याआधी एक धागा ओढून बघा

तक्रार अशी. ब्लॉक प्रिंटचं सुती कापड, लॅपल कॉलर (कोटासारखी बाहेर उलटून बसणारी), आत अस्तर, समोर तीन बटणं. मशीनवरून उतरवताना दोन्ही बाजूंच्या बुट्ट्या एका ओळीत होत्या. जॅकेट चार दिवस हँगरवर राहिलं, मग घालून आरशासमोर उभं राहिलं तर खालच्या बटणापाशी बुट्ट्यांचा उभा पट्टा एक सेंमी बाजूला गेलेला. साध्या कापडात एवढा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. नक्षीच्या कापडात मात्र बुट्टी मधोमध चिरल्यासारखी दिसते आणि बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते.

गेल्या दोन वर्षांत ही तक्रार माझ्या टेबलावर तीनदा आली. दोनदा माझ्या जॅकेटची, एकदा वहिनींच्या. माझ्या दोन्ही जॅकेटांना मी तेच केलं जे बहुतेक जणी करतात. समोरची कड उसवली, कापड हातानं जागेवर आणलं, टाचण्या दुप्पट लावल्या, पुन्हा शिवलं. दोन दिवस बरं दिसायचं, मग परत तेच. उसवून उसवून कडेचं कापड विरायला लागलं तेव्हा थांबले. आता खात्रीनं सांगते, नक्षी शिवताना क्वचित सरकते. कापायच्या आधीच ती सरकलेली असते आणि शिलाई तिला थोडे दिवस दाबून धरते.

कधी सरकली ते आधी शोधा

जॅकेट तयार झाल्यावर दोष दिसतो, म्हणून आपण शेवटच्या कामाला दोष देतो. त्यापेक्षा कापड कापल्यापासून त्यावर नजर ठेवायची. दोन्ही फ्रंटच्या, म्हणजे जॅकेटच्या समोरच्या दोन भागांच्या, मध्यरेषेवर, जिथे बटणं येतात त्या रेषेवर, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं दोन गाठी घाला. दोन गाठींमध्ये बरोबर ४० सेंमी अंतर ठेवा. कापल्यावर मोजा, फ्युजिंग (कापडाला आतून इस्त्रीनं चिकटवायचा आधाराचा थर) चिकटवून गार झाल्यावर मोजा, शिवल्यावर मोजा, दोन दिवस टांगल्यावर मोजा. प्रत्येक आकडा कागदावर लिहून ठेवा, लक्षात राहत नाही.

टांगलेल्या जॅकेटला आणखी एक परीक्षा द्यायची. बटणं न लावता ते हँगरवर अडकवा आणि गवंडी जसा ओळंबा सोडतो तसा एका दोऱ्याला किल्ली बांधून मध्यरेषेच्या वरच्या गाठीपासून सोडा. खालची गाठ दोऱ्याच्या मागे आली तर फ्रंट सरळ पडतोय. बाजूला गेली तर किती आणि कुठल्या दिशेला, ते लिहा.

या मोजमापावरून रोग कळतो. गाठींमधलं अंतर फ्युजिंगनंतर बदललं आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं बदललं, तर दोष फ्युजिंगचा. अंतर तेवढंच, पण ओळंब्यापासून खालची गाठ लांब, तर कापड सुताला धरून कापलेलं नाही. दोन्ही ठीक आणि शिवल्यावरच ओळी वरखाली, तर मशीननं एक थर पुढे ढकललाय. माझ्या दुसऱ्या जॅकेटच्या दोन्ही फ्रंटची खालची टोकं एकाच बाजूला, माझ्या डाव्या हाताकडे, जवळजवळ एक सेंमी गेली होती. ते बघूनही मला उलगडा होईना, म्हणून जॅकेट घेऊन ठाण्याच्या जांभळी नाक्याला गेले.

धाग्याचा रस्ता आणि छाप्याचा रस्ता

तिथल्या बाजारात एक शिंपीकाका बसतात. सफारी आणि लग्नाचे कोट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मी विचारलं, "काका, दोऱ्याचं टेन्शन कमी करून बघू का?"

"ताई, शिलाई राहू द्या," ते म्हणाले. "ह्याच कापडाची उरलेली पट्टी आहे का? काठापासून काठापर्यंतची?"

होती. त्यांनी ती गुडघ्यावर पसरली, काठाजवळचा एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलला आणि डाव्या हातानं कापड सरकवत हळूहळू ओढायला लागले. मधे तुटला की तिथूनच पुन्हा पकडायचा. धागा निघत गेला तशी कापडात केसाएवढी बारीक फट पडत गेली. सुरुवातीला ती फट बुट्ट्यांच्या पायाला लागून चालली होती. चार बुट्ट्या गेल्यावर तिच्यात आणि बुट्ट्यांत तांदळाच्या दाण्याएवढी जागा झाली. दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत तिथे माझं बोट मावत होतं. काकांनी टेप लावली: २ सेंमी.

"हा धाग्याचा रस्ता, आणि हा छाप्याचा," ते म्हणाले. "तुम्ही छाप्याच्या मागे गेलात. अंगावर कापड धाग्याच्या मागे जातं."

हे असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं. कापड विणताना उभा आणि आडवा धागा काटकोनात असतात. धुलाई, वाळवणी, गुंडाळणी यांत आडवे धागे एका बाजूला ओढले जातात. ठशांच्या छपाईसाठी ओळखल्या जाणाऱ्या बगरू, बाघ किंवा अजरखपूर या गावांत छापणारा कारागीर कापड लांब टेबलावर ताणून पसरतो आणि लाकडी ठसा नजरेच्या अंदाजानं एकाशेजारी एक उठवत जातो. त्याची ओळ टेबलाला धरून सरळ असते, पण खालचे धागे त्या क्षणी तिरके असतील तर ते तिरके असतानाच त्यांच्यावर छापा बसतो. आपण घरी कापड धुतो तेव्हा धागे आपापल्या जागी परत जायला बघतात आणि छाप्याची ओळ तिरकी होते. कारागिराची चूक यात शोधू नये. हाताच्या ठशात दोन बुट्ट्यांमधलं अंतरही एक-दोन मिलिमीटर कमीजास्त असतं, आणि त्याच जिवंतपणासाठी आपण ते कापड घेतो. मिलच्या प्रिंटमध्येही सूत तिरकं असू शकतं, फक्त तिथे नक्षी ठरलेल्या अंतरानं परत येते. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे मिलमध्ये नक्षी छापणाऱ्या फिरत्या नळकांड्याचा, घेर साधारण ६४ सेंमी असतो, त्यामुळे नक्षी ६४, ३२, २१.३ किंवा १६ सेंमीवर पुन्हा भेटते.

आता माझी दोन जॅकेटं कशी फसली ते सांगते, कारण दोन्ही चुका सगळीकडे दिसतात.

पहिल्याला मी नेहमीसारखी कापडाची दुहेरी घडी घातली, वरच्या थरावर बुट्ट्यांची ओळ बघून पेपर पॅटर्न सरळ केला आणि दोन्ही फ्रंट एकदम कापले. वरच्या थराची ओळ सरळ आली. खालच्या थरात तोच तिरकेपणा उलट दिशेनं असतो, त्यामुळे तिथे ओळ दुपटीनं उतरली. ११२ सेंमी पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर) २ सेंमी फरक म्हणजे २८ सेंमी रुंद फ्रंटवर अर्धा सेंमी, आणि खालच्या थरात तो झाला एक सेंमी.

दुसऱ्याला शहाणपणा केला, कापड एकेरी पसरलं, दोन्ही फ्रंट छाप्याच्या ओळीला धरून कापले. टेबलावर नक्षी तंतोतंत जुळली. पण तसं करताना दोन्ही फ्रंट उभ्या धाग्यापासून एकाच दिशेला वळले होते. अंगावर टांगल्यावर कापड आपल्या उभ्या धाग्यावर पडलं आणि दोन्ही टोकं मिळून डावीकडे निघाली. काका म्हणाले तो धाग्याचा रस्ता हाच.

मग सरळ काय ठेवायचं?

उभा धागा. पॅटर्नवरची सरळ धाग्याची खूण कापडाच्या काठाला समांतर ठेवायची, दोन्ही फ्रंटना, पाठीला, बाह्यांना. नक्षीची ओळ त्यामुळे किंचित उतरती दिसेल. ती तशीच उतरू द्यायची, फक्त समोरच्या मध्यरेषेवर दोन्ही फ्रंटची ओळ एका उंचीवर भेटवायची. असं केलं की उतार एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत एकाच दिशेनं अखंड चालू राहतो. माझा अनुभव असा की सलग उतार डोळ्याला खुपत नाही, मधे मोडलेली ओळ लगेच खुपते. अर्धा सेंमी उतरणारी ओळ मी अंगावर असताना कुणालाही दाखवून ओळखायला लावली आहे, कुणी ओळखलेली नाही.

याला मर्यादा आहे. पूर्ण पन्ह्यावर ३ सेंमीपर्यंत तिरकेपणा असेल तर मी जॅकेट करते. त्यापेक्षा जास्त असेल तर त्या कापडाचा सैल कुर्ता करते, लॅपलच्या जॅकेटला ते वापरत नाही. चौकटींची नक्षी असेल, अजरखमध्ये असते तशी, तर २ सेंमीच्या वर जात नाही, कारण चौकट तिरकी झालेली लगेच कळते. दाट वेलबुट्टीची जाळी सगळ्यात क्षमाशील. पहिलंच प्रिंटेड जॅकेट शिवणार असाल तर तीच घ्या.

काही जणी कापड ओलं करून कोपऱ्याकोपऱ्यांतून ओढून ओळ सरळ करतात. धागे तिरके असतील तर या ओढण्यानं ते सरळ होतात, हे खरं. पण धागे सरळ आणि छापा तिरका असेल, तर ओढून छापा सरळ केला म्हणजे आपण धागे तिरके केले. पहिल्या धुण्यात ते परत जाणार. आपलं कापड कुठल्या प्रकारचं आहे हे धुतल्यानंतर धागा ओढूनच कळतं.

दुकानात उभं असतानाच

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शन लागलं की मी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून जाते. तिथे, किंवा ठाण्याच्या बाजारातही, कापड घेताना दोन गोष्टी करते. एक म्हणजे मीटरभर कापड उलगडून काठाला काठ लावते आणि घडीत दोन्हीकडच्या ओळी भेटतात का ते बघते. दुसरं, "कापू नका, फाडून द्या" असं सांगते. सुती कापड फाडलं की ते आडव्या धाग्याला धरूनच फाटतं, त्यामुळे धागा न ओढताही फाटलेली कड आणि छाप्याची ओळ यांतला फरक समोर येतो. जाड किंवा विरळ विणीचं कापड फाडू नये, त्याची कड खराब होते. फाडल्यावर मात्र घेतलेलं कापड परत देता येत नाही, म्हणून घडीची परीक्षा आधी.

किती घ्यायचं? माझी छाती ३८, जॅकेट सीटपर्यंत. ४४ इंची पन्ह्यात साध्या कापडाचं अडीच मीटरमध्ये बसतं. नक्षी जुळवायची तर प्रत्येक मोठ्या भागामागे नक्षीचं एक अंतर जास्त धरते. दोन फ्रंट, पाठ, दोन बाह्या असे पाच भाग आणि नक्षी १६ सेंमीवर परत येत असेल तर ८० सेंमी जादा. झाले ३.३ मीटर, आणि धुतल्यावर आटेल ते धरून साडेतीन. इथे कंजूषी केली की नेमकी डावी बाही उरलेल्या तुकड्यात बसवावी लागते.

धुणं आणि वाळवणं

कापड कापायच्या आधी पुढे जसं धुणार तसंच धुवायचं. नुसतं भिजवून काढणं पुरत नाही, त्यातली खळ जायला हवी. खळ राहिली तर कापड खोटं कडक वाटतं आणि फ्युजिंगचा गोंदही नीट धरत नाही. मी एका कोपऱ्यात ५० सेंमीचा चौकोन दोऱ्यानं आखून ठेवते. मागच्या दाबू कापडात (मातीच्या लेपानं रंग अडवून छापलेल्या) तो धुतल्यावर उभा ४८ आणि आडवा ४९ झाला, म्हणजे उभ्यात ४ टक्के. ६० सेंमीच्या जॅकेटला हे जवळजवळ अडीच सेंमी. अजरख छापतानाच पुन्हा पुन्हा धुतलं आणि उकळलं जातं, त्यामुळे ते पुढे कमी आटतं. तरी मी तेही धुते.

रंग जाईल या भीतीनं मीठ, तुरटी, व्हिनेगर घालायची सवय घराघरात आहे. छापून झालेल्या सुती कापडावर त्यानं रंग पक्का होत नाही. रंगवतानाच्या प्रक्रियेत मीठ आणि तुरटीला काम असतं, नंतर नाही. सुटा रंग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊनच काढावा लागतो. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा. गडद निळीचा थोडा रंग रुमालाला कायम लागतो, म्हणून निळीच्या जॅकेटला मी पांढरं अस्तर लावत नाही.

आणि वाळवणं. याबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या मते पावसाळ्यात अर्धं नुकसान इथेच होतं. जुलैत आमच्या नौपाड्याच्या बाल्कनीत साडेतीन मीटर ओलं कापड दोरीवर टाकलं की ते दोन दिवस तसंच लटकतं. मधे दोरीवर बाक येतो, दोन टोकं खाली ओढली जातात आणि वाळताना धागे त्या बाकातच बसतात. मग इस्त्रीनं आपण तोच बाक पक्का करतो. मी आता कापड पिळत नाही, जुन्या चादरीत गुंडाळून पाणी टिपते, आणि पलंगावर चादर घालून सपाट पसरते, पंखा लावून. पन्हा पलंगावर मावतो, लांबी घडी करून फिरवत राहते. ऐसपैस गच्ची असेल तर दोन समांतर दोऱ्यांवर काठाला धरून पसरवा, म्हणजे भार एका रेषेवर येत नाही. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेनं करायची, तिरकी कधीच नाही.

एकेरी कापणं

आपल्याकडे बायकांच्या जॅकेटला उजवी बाजू वर येते, म्हणून उजवा फ्रंट आधी कापायचा. कापड सुलट बाजू वर करून एकेरी पसरा. पेपर पॅटर्नवर मध्यरेषा आखलेली हवी, आणि ती रेषा बुट्ट्यांच्या रांगेच्या मधोमध किंवा दोन रांगांच्या बरोबर मधल्या जागेत यायला हवी. छातीच्या सर्वांत उंच भागावर मोठी बुट्टी येत असेल तर पॅटर्न वरखाली करून ती टाळा, दोन्ही बाजूंना तशी बुट्टी आली तर सगळं लक्ष तिकडेच जातं.

आता कागदावर मध्यरेषेजवळच्या तीन-चार बुट्ट्यांचे आकार पेन्सिलीनं उतरवून घ्या. उजवा फ्रंट कापला की तोच कागद उलटा करा, पेन्सिलीच्या रेषा पलीकडून दिसतील एवढा पातळ कागद हवा. बुट्ट्यांवर बुट्ट्या बसवून डावा फ्रंट आखा. कोयरी एका बाजूला झुकलेली असेल तर कागदावर ती उलटी दिसणार, तिथे फक्त उंची जुळवायची. हाताच्या ठशात सगळ्या बुट्ट्या एकदम बसत नाहीत. मग कुठली धरायची? मधल्या बटणाजवळची. तिथून वर आणि खाली एक-दोन मिलिमीटर सुटले तरी चालतात.

इथे एक चूक सगळ्यांची होते आणि माझीही व्हायची. आपण कापलेली कड कडेला लावून नक्षी जुळवतो. पण बाजूच्या शिवणीत दीड सेंमीची मार्जिन आत जाते, दोन्ही भागांची मिळून तीन सेंमी नक्षी गायब होते. जुळवायची असते ती शिलाईची रेषा. म्हणून पॅटर्नवर कापायच्या रेषेसोबत शिलाईची रेषाही आखलेली असावी आणि बुट्ट्या त्या रेषेवर मोजाव्यात. बाजूला टक्स (आकारासाठी शिवलेली चुणी) असेल तर टक्सच्या वर नक्षी जुळणार नाही, कारण टक्सनं एका भागातलं कापड खाल्लेलं असतं. खालून वर टक्सपर्यंत जुळवा, वरचा भाग काखेत जातो. प्रिन्सेस कटमध्ये शिवण छातीवरूनच जाते आणि नक्षी तिथेच तुटते, म्हणून मोठ्या नक्षीला मी तो कट घेत नाही.

फ्युजिंग

वहिनींचं जॅकेट यात फसलं. त्यांच्या फ्रंटवर पहिल्या धुण्यानंतर बारीक फुगे आले आणि त्या फुग्यांनी नक्षीची ओळ वरखाली झाली. त्यांनी बाजारातून पातळ कागदी फ्युजिंग घेतलं होतं आणि इस्त्री साडीवर फिरवतात तशी फिरवली होती.

फ्युजिंगच्या मागे गोंदाचे बारीक ठिपके असतात. ते वितळून कापडात शिरायला उष्णता, दाब आणि वेळ तिन्ही लागतं. घरच्या इस्त्रीत उष्णता भरपूर, दाब कमी, आणि वेळ आपण देत नाही. बहुतेक फ्युजिंगला साधारण १२० ते १५० अंश पुरतात. इस्त्रीचं सुतीचं शेवटचं टोक त्याहून बरंच गरम असतं, तिथे गोंद पातळ होऊन कापडाच्या सुलट बाजूला येतो आणि गडद प्रिंटवर चकाकणारे डाग पडतात. मी मधल्या खुणेवर ठेवते. वर किंचित ओलसर मलमल, इस्त्री उचलून ठेवायची, अंगाचा भार द्यायचा, बारापर्यंत मोजायचं, उचलायची, अर्धी इस्त्री मागच्या जागेवर येईल अशी पुढे ठेवायची. घासायचं नाही. घासलं की गरम, मऊ झालेलं कापड सरकतं आणि त्याच तिरक्या अवस्थेत कायमचं चिकटतं. पूर्ण गार होईपर्यंत तुकडा उचलायचा नाही, हे कितीही घाई असली तरी.

विणलेलं सुती फ्युजिंग कापडासारखंच आटतं. ते मी कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवून, न पिळता सपाट वाळवून घेते. कापडाला आणि फ्युजिंगला आटण्याची सवय वेगवेगळी असेल तर धुतल्यावर दोघांत ओढाताण होणारच, मग फुगे येतात. चाचणीला २० सेंमीचा तुकडा घ्या, अर्ध्या भागाला फ्युजिंग चिकटवा, धुवा, वाळवा आणि दोन्ही अर्धे मोजा. हा एक तास वाचवू नका.

आणि दमट हवा. सुती कापड हवेतला ओलावा पिऊन बसतं, ठाण्याच्या जुलैत तर जास्तच. तिसरं जॅकेट शिवताना उजव्या फ्रंटला मी दुपारी फ्युजिंग केलं, आधी कोरडी इस्त्री फिरवून. डावा रात्री केला, तेवढा वेळ तो टेबलावर उघडा पडून होता आणि मी कोरडी इस्त्री विसरले. गाठी मोजल्या: उजव्यात ३९.८, डाव्यात ३९.५. तीन मिलिमीटर. शिलाईच्या आधी कळलं म्हणून वाचले.

वाचले ते आणखी एका कारणानं. मी फ्रंट पॅटर्नबरहुकूम कापलेच नव्हते. चारही बाजूंनी दोन-दोन सेंमी जास्तीचे तुकडे कापले, त्यांना फ्युजिंग केलं, गार केलं, आणि मग पॅटर्न पुन्हा ठेवून शेवटचं कापलं. फ्युजिंगमुळे जे काही आटायचं ते आटून गेलेलं असतं आणि नक्षी पुन्हा नव्यानं जुळवायची संधी मिळते. डावा फ्रंट मी त्या तीन मिलिमीटरच्या हिशेबानं थोडा सरकवून कापला. कापड थोडं जास्त लागतं, पण या एका सवयीनं माझा निम्मा त्रास गेला.

समोरच्या कडेला आणि लॅपलच्या घडीच्या रेषेला आतून अर्धा इंची सुती फीत शिवा, आधी भिजवून वाळवलेली. कड ताणली जात नाही.

मशीनवर

इथे थोडंच सांगायचंय. मशीनची दातरी (सुईखालची दातेरी पट्टी) खालचा थर पुढे ओढते आणि फूट (कापड वरून दाबणारा पाय) वरचा थर मागे धरून ठेवतो. ६० सेंमीच्या शिवणीत शेवटी वरचा थर चार-पाच मिलिमीटर उरतो, आणि ओळ हलते. टाचण्या शिवणीला आडव्या लावल्या तरी पुरत नाही. बाजूच्या शिवणीला मी सुलट बाजूनं कच्चा टाका घालते: एका भागाची मार्जिन आत दुमडायची, दुसऱ्या भागाच्या शिलाईच्या रेषेवर ठेवायची, बुट्ट्या डोळ्यांनी जुळवत दुमडीच्या आतून धावदोरा घालत जायचं. मग उलट करून त्या दोऱ्यावरच मशीन. फुटाचा दाब थोडा कमी, सुई १४ नंबरची, टाका अडीच मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या शिवणी खालून वर, एकाच दिशेनं. वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत पुढे नेणारा) असेल तर उत्तमच.

बाही मुंढ्याच्या पुढच्या खाचेपासून खाली जुळवायची, छातीवरची ओळ दंडावर पुढे चालू राहील अशी. वरच्या गोलाईत कापड दाबून बसवलेलं असतं, तिथे नक्षी जुळत नाही, जुळवायचा हट्टही करू नये. बाहीची पाठीकडची बाजू मी कधी जुळवत नाही. पॅच पॉकेट मात्र शेवटी, फ्रंट तयार झाल्यावर, त्यावर पातळ कागद ठेवून बुट्ट्या उतरवून कापते. खिसा कापडात विरघळून गेला पाहिजे.

आधीच शिवून झालेल्या जॅकेटचं

ओळंबा सोडून बघा. टोकं बाजूला जात असतील तर उसवून काही होणार नाही, सूत तिरकं कापलं गेलंय. अशा माझ्या दुसऱ्या जॅकेटला मी समोरच्या कडेला गडद निळ्या साध्या कापडाची अडीच सेंमी रुंद पट्टी लावली, कॉलरलाही तीच. दोन्ही बाजूंच्या बुट्ट्यांच्या मधे साधी पट्टी आली की नजर त्यांची तुलना करत नाही. खालचं बटण काढून टाकलं आणि दोन बटणांवर ठेवलं, त्यामुळे टोकं मोकळी सुटतात आणि एकमेकांवर बसावीच लागत नाहीत.

फरक वरखाली असेल, पाच मिलिमीटरपर्यंत, आणि ओळंबा ठीक असेल, तर जास्त लांब फ्रंटच्या खांद्याची शिवण उसवून तिथे तेवढं वर घेता येतं. अस्तरही त्या जागी उसवावं लागतं आणि कॉलरचा शेवट पुन्हा बसवावा लागतो, म्हणून एक पूर्ण दुपार हाताशी ठेवा. फुगे आलेलं फ्युजिंग पुन्हा इस्त्री करून बसलं तरी पुढच्या धुण्यात परत येतं. वहिनींच्या जॅकेटचं आम्ही अस्तर खालून उघडलं, कोमट इस्त्रीनं गोंद सैल करून जुनं फ्युजिंग सोलून काढलं, आणि त्याजागी भिजवून वाळवलेलं सुती कॅनव्हास हातानं तिरप्या टाक्यांनी बसवलं. दोन रविवार लागले. गणपतीत त्यांनी ते घातलं, त्यानंतर दोनदा धुतलंय, आणि गाठींमधलं अंतर दोन्हीकडे ३९.७ आहे.